सदू कर्णुक आणि टाकीवरचे पाच डाग

सदू कर्णुकाने मिशी काढली, त्या दिवशी दुपारपर्यंत भिसेगावात त्याचा बाप मेल्याची बातमी पसरली.

बातमी खोटी होती. बाप, म्हणजे नागू कर्णुक, ओटीवर पाय पसरून वालाच्या शेंगा सोलत होता. पण सकाळी सदू सफाचट तोंडाने दूध आणायला गेला आणि त्याला पाहून दूधवाल्याने जो अर्थ काढायचा तो काढला. दहाच्या सुमारास डोक्याला टॉवेल गुंडाळलेले दोघे अंगणात आले, ओटीवर नागू दिसला तसे आल्या पावली मागे फिरले. साडेदहाला नेरळहून चुलतभाऊ रिक्षाने पोचला. त्याचे डोळे लाल होते आणि काखेत पांढऱ्या कापडाची गुंडाळी होती.

"कोण गेलं रं?" नागूने विचारलं.

चुलतभावाने कापडाची गुंडाळी पाठीमागे नेली आणि तो म्हणाला, "तूच की."

नागूने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. उलट संध्याकाळी त्याने सुनेला जवळ बसवून कोण कोण आलं होतं याची चौकशी केली. सगळ्यांत जास्त राग त्याला मेव्हण्याचा आला. तो राहतो दोन गल्ल्या सोडून, आणि त्याने साधा फोनसुद्धा केला नव्हता. पुढची दोन वर्षं नागू त्याच्याशी धड बोलला नाही. "मेलो तरी आला नाय," एवढंच सांगायचा.

सदूची बायको सुंदरा मात्र खरंच रागावली होती. "लगीन केलं तवा मिशी व्हती," ती म्हणाली. "काढताना मला इचारलं?"

"कामासाठी काढली गं."

"मिशीवाचून कसलं काम? नाटकात बाई व्हनार हाय का?"

काम नाटकातलं नव्हतं, पण समजावून सांगायला तितकंच अवघड होतं. सदू खालापूरजवळच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या तपासायचा. वीजकेंद्रात कुंपणाआड गुणगुणत उभी असते ती मोठी पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तिच्या पोटात तारांची वेटोळी असतात आणि वेटोळ्यांभोवती तेल भरलेलं असतं. ते तेल ठिबकलं, किंवा बाहेरचा ओलावा आत शिरला, की एक दिवस मोठा आवाज होतो आणि तालुकाभर अंधार. म्हणून पत्रे जोडून टाकी उभी राहिली, की तिची सगळी तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडा आला की तिथे भोक. हवेतून पास झालेल्या टाकीत मग तेल भरायचं, त्यावर दाब द्यायचा, बाहेरून जोडांवर आणि दोन्ही बाजूंना वीतभर खडूचा पांढरा लेप लावायचा आणि चोवीस तास थांबायचं. तेल कुठूनही झिरपलं की पांढऱ्यावर काळसर डाग उठतो.

सदूची पद्धत याहून थोडी पुढची होती. लहानपणी त्याने चौकला मामाच्या दुकानात सायकलींचे पंक्चर काढले होते. घमेल्यात पाणी नसलं की ट्यूब तोंडाजवळ धरून फिरवायची, वरच्या ओठाला गार झुळूक लागते तिथे भोक, हे तो तिथे शिकला. कारखान्यातही साबण लावायच्या आधी तो टाकीला तोंड लावून एक चक्कर मारायचा. नवा माणूस बघायचा तर त्याला वाटायचं, हा गडी टाकीचे मुके घेतोय. फक्त मिशी मधे यायची. झुळूक मिशीच्या केसांत अडकायची आणि ओठाला कळायची नाही. एकदा एक बारीक भोक अशानेच निसटलं, आणि सदूने त्याच रविवारी वस्तरा हातात घेतला.

हे ऐकून सुंदराने कपाळावर हात मारला. आठ दिवस तिने जेवण वाढलं ते दुसरीकडे बघत.

एकदा ओठाला सवय लागली की ती कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. घरात सिलिंडर बदलला की सदू फेसाची वाटी घेऊन हजर. शेजारच्या छायावहिनींच्या कुकरची शिट्टी नीट वाजत नव्हती, तर हा न बोलावता त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन झाकणाभोवती ओठ फिरवून आला. वहिनींच्या नवऱ्याला ते आवडलं नाही.

मुलीच्या, समिधाच्या, बघण्याच्या कार्यक्रमात तर कहरच झाला. पाहुणे नेरळहून गाडीने आले. दारात गाडी थांबली तेव्हाच सदूच्या कानावर फुस्स आवाज गेला होता. त्याने पाहुण्यांना बसवलं, पाणी दिलं, मुलगा काय करतो ते विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत उठून गेला. पोहे आले, समिधा आली, तिने नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मुलीच्या बापाचा पत्ता नाही. शेवटी मुलाचे वडील हात धुवायला बाहेर आले, तर नवी पँट घातलेला सदू गाडीखाली आडवा आणि मागचं चाक फेसाने माखलेलं. त्यांना वाटलं, मुलीच्या बापाने मान म्हणून गाडी धुवायला घेतलीय. गृहस्थ इतके संकोचले की त्यांनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. आता जावई सासुरवाडीला यायच्या आधी चारही चाकं दाखवून आणतो.

कारखान्यात सदूचा सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे जैतू पारधी, आणि सगळ्यात लांबचाही तोच. जैतू वेल्डर. हात असा, की त्याचा जोड बघून पत्रा जोडलेला नाहीच, जन्मालाच वाकडा आला असावा असं वाटावं. दोघं रोज एकाच मोटरसायकलवर यायचे. सदू भिसेगावातून निघायचा आणि जैतूला पळसदरीच्या फाट्यावर मागे घ्यायचा. पण जैतूच्या जोडात सदूला बुडबुडा सापडला, की त्या संध्याकाळी जैतू मोटरसायकलवर बसायचा नाही. टेंपोला हात करून जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फाट्यावर उभा, जसं काही झालंच नाही.

"तू बुडबुडं शोधत नाय," जैतू म्हणायचा. "तू माजी इज्जत शोधतो."

"इज्जत गळत असंल तर सापडनारच ना रं."

गेल्या माघात एक मोठी टाकी आली. दोन पुरुष उंच, आणि आत चार माणसं पत्ते खेळतील एवढी ऐसपैस. तारांची वेटोळी नंतर बसायची होती. आधी टाकीची परीक्षा. हवेची चाचणी झाली, एकही बुडबुडा नाही. जैतू दोन दिवस शीळ वाजवत होता. मग तेल भरलं, जोडांवर खडू लावला आणि एका मंगळवारी सकाळी अकराला दाब दिला. बुधवारी अकराला चोवीस तास पुरे व्हायचे, आणि त्या वेळी गिऱ्हाइकाकडून तपासणीस यायचा होता.

तपासणीस म्हणजे साईराज साहेब. वय तिशीचं, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, हातात जिऱ्याच्या पाण्याची बाटली. त्यांनी आदल्या दिवशीच रूपेशला फोन करून सांगितलं होतं, "माझ्या जेवणाची काळजी नको. माझं तेलकट बंद आहे. सहा महिने झाले."

रूपेश हा कारखान्यातला इंजिनिअर. माणूस चांगला, पण साहेब येणार म्हटलं की त्याची पळापळ सुरू व्हायची. त्याने कँटीनला हुकूम सोडला की बुधवारी सगळ्यांना उकडलेला दुधी. साहेबांसमोर कुणाच्या ताटात तळलेलं दिसता कामा नये. त्या दिवशी कारखान्यात साहेबांचं नाव किती जणांनी कोणत्या शब्दांत घेतलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुधवारी आठ वाजता सदूने टाकीभोवती चक्कर मारली. खडू पांढराशुभ्र, एक ठिपका नाही. साहेब दहाला आले आणि रूपेश चहा सांगायला धावला, तेवढ्यात ते एकटेच टाकीभोवती फिरून आले. साडेदहाला सगळे मिळून बघायला गेले. उजव्या अंगाला, छातीच्या उंचीवर, साहेब थबकले.

"हे काय आहे?"

खडूच्या पट्ट्यावर डाग होते. चार एका रांगेत आणि पाचवा जरा खाली, बाजूला.

रूपेशने हातातला कप खाली ठेवला. जैतू पुढे झाला, डाग बघितले आणि त्याचा चेहरा लोखंडासारखा झाला. "माजा जोड गळत नाय," तो म्हणाला.

"मग हे काय, टाकीला घाम आला?" साहेब म्हणाले. "पाच ठिकाणी गळती! टाकी नापास."

 सदूने चष्मा पुसला. डाग होते ते जोडावर नव्हतेच, जोडापासून चार बोटं लांब, सलग पत्र्यावर होते. सलग पत्र्यातून तेल यायला पत्रा चाळणीचा पाहिजे. शिवाय आठ वाजता तिथे काही नव्हतं. तो पुढे गेला, सवयीने ओठ जवळ नेला, मग नाक नेलं आणि थांबला. परत हुंगलं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला रॉकेलच्या चुलत भावासारखा वास असतो. हा वास वेगळा होता. ह्या वासाने सदूच्या तोंडाला पाणी सुटलं.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "जरा मागल्या अंगाला येता? एक गोष्ट दाखवतो."

टाकीच्या मागे दोघंच होते. सदूने इकडे तिकडे बघितलं.

"रागावू नका साहेब. वाटंत कुठं थांबला व्हता का?"

"का?"

"नाय, डागाला लसणाची चटनी लागलीय."

साहेबांनी उजवा हात बघितला, मग तो खिशात घातला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. 

"एकच खाल्ला," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

सदूने चष्म्यावरून बघितलं.

"दोन," साहेब म्हणाले. "गरम होते हो. आणि घरी सांगू नका."

घरचा नंबर सदूकडे असायचं काही कारण नव्हतं, पण त्याने मान डोलावली. बाहेर येऊन त्याने मोठ्याने सांगितलं, "कुणाचा तरी हात लागलाय. पुसून परत खडू लावू. तेल आतून येत असंल तर परत डाग उठंल. दोन तास बघू."

"बरोबर," साहेब घाईघाईने म्हणाले. "अगदी शास्त्रीय पद्धत आहे."

इथे विषय संपायला हरकत नव्हती. पण रूपेशला धीर आला होता, आणि धीर आलेला रूपेश घाबरलेल्या रूपेशपेक्षा जास्त धोक्याचा. "हात कुणाचा लागला?" तो कडाडला. "कँटीनमध्ये आज दुधी आहे. तेल आलं कुठून? सगळे रांगेत उभे राहा. हात दाखवा!"

मग शेडमध्ये जे झालं ते कारखान्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. सतरा माणसं रांगेत तळवे पसरून उभी, आणि इंजिनिअर रूपेश एकेक तळवा हुंगत पुढे सरकतोय. पहिल्या तिघांचा तंबाखू, चौथ्याची बिडी. पाचव्याच्या हाताला सुक्या बोंबलाचा वास निघाला. त्याने घरून डबा आणून दुधीचा हुकूम मोडला होता. रूपेशने त्याला बाजूला काढलं.

"बोंबील नाय, लसूण शोधा," जैतू ओरडला. तोही एव्हाना डाग हुंगून आला होता. "वडा हाय तो. म्या वळखतो. खोपोलीकडचा नाय, चौकच्या बाजूचा."

"चौककडून आज कोण आलं?" रूपेशने विचारलं.

सगळे विचारात पडले. साईराज साहेब दोन्ही हात खिशात घालून छताच्या पत्र्यांची पाहणी करत होते. त्यांचं घड्याळ एकदम टुंग वाजलं. हृदयाचे ठोके फार वाढले होते.

"चाचणी चालू असताना एवढी गर्दी नको," सदू मधे पडला. "टाकीला हादरं बसतात."

टाकी वीस टनांची होती. सतरा माणसांच्या उभं राहण्याने तिला हादरे बसायचं काही कारण नव्हतं. पण रूपेशला हे खरं वाटलं आणि त्याने सगळ्यांना चवड्यांवर चालत जागेवर जायला लावलं.

डाग पुसले, खडू लावला. अकरा वाजले, चोवीस तास कागदावर पुरे झाले, पण दाब तसाच ठेवला. बारा वाजले. साहेबांनी उकडलेला दुधी सगळ्यांसमोर संपवला, दुसऱ्यांदा घेऊन संपवला. एक वाजला. पाच डागांची जागा पांढरी ती पांढरीच. साहेबांनी खिशातून पेन काढलं, रूपेशने कागद पुढे केला. जैतू परत शीळ वाजवायला लागला.

सदू शेवटची नजर म्हणून गोणपाट टाकून टाकीखाली सरकला. तळाशी तेल काढायचा वॉल्व्ह असतो, त्याच्या बुडाचा जोड उताणं पडल्याशिवाय दिसत नाही. आणि तिथे, खडूवर, तिळाएवढा काळा ठिपका होता.

त्याने बोट लावलं, हुंगलं. लसूण नव्हता. पुसून खडू लावला आणि मनात शंभर आकडे मोजायला घेतले. साठाच्या आत तीळ परत उगवला.

सदू तसाच उताणा पडून राहिला. सदू खोटं बोलू शकत नव्हता अशातला भाग नव्हता. बायकोशी तो आठवड्यातून दोनदा खोटं बोलायचा, टाकीच्या हादऱ्यांबद्दल तर आत्ताच बोलला होता. आणि हा तीळ अकरा वाजेपर्यंत इथे नव्हता, अकराला त्याने इथेच पडून बघितलं होतं. साहेबांनी दोन वडे खाल्ले नसते तर टाकी केव्हाच पास होऊन रंगाला गेली असती. वरून जैतूची शीळ ऐकू येत होती. जोड त्याचाच होता. डोळ्यासमोर चार बोटांवर तो ठिपका जरा जरा फुगत होता, आणि सदूला तिकडून नजर काढता येईना. कुठल्या तरी गावाबाहेर, कुंपणाआड, ह्याच ठिपक्याखाली कुणीतरी डबा ठेवून जाईल आणि रोज बघायला येईल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

"काय रं, झोपला का?" जैतू वाकून म्हणाला.

"जैतू," सदू म्हणाला, "इकडं ये."

जैतू खाली सरकला. दोघं शेजारी शेजारी पडून वर बघत राहिले. बाहेरून फक्त चार पाय दिसत होते. जैतूने हात पुढे केला, ठिपका पुसला, थांबला, आणि तो परत आलेला बघितला. मग बाहेर निघून पाण्याच्या पिंपाकडे गेला.

सदूने सांगितलं तेव्हा रूपेश खुर्चीवर बसला. "सदूभाऊ, वेळ संपलीय हो. चोवीस तास अकरालाच झाले. आता दिसतं ते जास्तीचं. ते धरायचं नाही."

"तेलाला काय सांगू, अकरा वाजून गेलं म्हनून?"

रूपेशने साहेबांकडे बघितलं. साहेब सही करू शकले असते. कागदावर वेळ पुरी होती. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, अंगातला कोट काढला, घडी करून रूपेशच्या हातात दिला आणि टाकीखाली सरकले. बाहेर आले तेव्हा पाठीला गोणपाटाचे धागे होते.

"तेल काढा," ते म्हणाले. "जोड उकरा, परत करा, पुन्हा चोवीस तास. मी कर्जतला लॉजवर थांबतो." आणि मग रूपेशला ऐकू जाणार नाही अशा बेताने, सदूला, "थांबल्यावर जेवणाचं काय करायचं ते माझं मी बघतो."

त्या संध्याकाळी जैतू टेंपोने गेला. गुरुवारी सकाळी फाट्यावर उभा नव्हता. सदू पंधरा मिनिटं मोटरसायकल चालू ठेवून थांबला आणि पहिल्यांदाच एकटा कारखान्यात पोचला, तर जैतू आधीच येऊन टाकीखाली पडलेला. रिकामी टाकी पुसून कोरडी झाली होती. जुना जोड उकरून त्याने जागा चकचकीत केली होती.

"बत्ती धर," तो सदूकडे न बघता म्हणाला.

सदूने बत्ती धरली. जोड पुरा व्हायला चाळीस मिनिटं लागली, जेमतेम वीतभर. मधे जैतू एकदाच बोलला. "हा जोड केला त्या दिवशी माजा डोळा आला व्हता. म्या कुनाला बोललो नाय."

"सांगायचं ना रं."

"तुला सांगितलं असतं तर तू फेस लावला असता डोळ्याला."

सदू हसला तशी बत्ती हलली, आणि जैतूने त्याला शिवी दिली.

शुक्रवारी दाब चढवला, शनिवारी काढला. ह्या वेळी जोड बघायला सदूच्या आधी जैतू खाली गेला आणि तासाभरात तीनदा जाऊन आला. खडू पांढरा राहिला. साईराज साहेबांनी सही केली, सगळ्यांशी हात मिळवला. हात धुतलेला होता. जाताना ते सदूला म्हणाले की इतकी वर्षं टाक्या तपासतोय, पण गोणपाटावर कधी झोपलो नव्हतो. पुढच्या तपासणीला जुनी पँट आणतो म्हणाले.

टाकीला रंग बसला, पोटात वेटोळी बसली, आणि फाल्गुनात एका दुपारी लांबलचक ट्रेलर तिला घेऊन फाटकातून निघाला. वळणावर त्याला पुढे मागे व्हायला अर्धा तास लागला. रूपेश हात हलवून असा वाट दाखवत होता, की ड्रायव्हरने शेवटी काच वर केली. सदू आणि जैतू फाटकाशी उभे होते.

"कुठं चालली रं ही?" जैतूने विचारलं.

"इदर्भात. कुठलंसं केंद्र हाय."

"लांब हाय."

"लांब हाय," सदू म्हणाला.

ट्रेलर महामार्गाकडे वळून दिसेनासा झाला. आत क्रेनने पुढची टाकी जमिनीवर टेकवली होती, सगळी तोंडं उघडी. दोघं तिच्याकडे चालायला लागले.